लोखंडाला लोखंड जोडताना

मराठीत जोडण्यासाठी किती शब्द आहेत, हे कधी मोजून पाहा. कापडाला टाका घालतात, लाकडाचा सांधा बसवतात, गळक्या घागरीला डाग देतात, सोनार दागिना झाळतो. लोखंडाला लोखंड जोडायचे म्हटले, की मात्र आपण सरळ ‘वेल्डिंग मारून आण’ म्हणतो. नांदेडच्या नव्या मोंढ्यात म्हणा, लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास म्हणा, हा शब्द न कळणारा माणूस सापडायचा नाही. पाळण्याची कडी तुटो, नांगराचा फाळ तुटो की मोटरसायकलचा स्टँड, उपाय एकच. शब्द परका, काम मात्र आपल्या मातीत फार जुने. आज त्या कामाविषयी आणि ते हौसेने करणाऱ्या माणसांविषयी बोलायचे आहे.

नांदेडहून गोदावरी पुढे तेलंगणात उतरते. तिकडे निर्मळच्या परिसरात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथे मुशीत वितळवून पोलाद करत असत आणि ते घ्यायला थेट इराणचे व्यापारी येत. डॉ. व्हॉयसे या इंग्रज सर्वेक्षकाने १८२० च्या दशकात ती पद्धत पाहून लिहून ठेवली. ज्या पोलादाच्या तलवारी ‘दमास्कस’ म्हणून जगभर गाजल्या, त्याचा एक मोठा पुरवठा निजामाच्या मुलखातल्या अशा खेड्यांतून होत होता.

हे झाले पोलाद करणे. जोडण्याचे काम त्याहून वेगळे. वितळवण्याची सोय नसताना लोखंड जोडण्याची एकच रीत होती. दोन्ही तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवायचे, वर वाळू किंवा टाकणखार टाकायचा म्हणजे गंजाचा थर पातळ होऊन निघून जातो, मग ऐरणीवर ठेवून घणाचे घाव घालायचे. तापमान थोडे कमी पडले, तर जोड बसत नाही. जास्त झाले, तर लोखंड जळून ठिणग्या उडतात. थर्मामीटर नव्हता. लोहाराचा डोळा हाच थर्मामीटर. दिल्लीचा लोहस्तंभ असाच, तुकडे तापवून एकमेकांवर ठोकत उभा केलेला आहे. सुमारे सहा टनांचा तो खांब सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी या खांबाचा आणि भारतातल्या लोखंडी तोफांचा बारकाईने अभ्यास केला. दख्खनच्या मोठ्या तोफा त्यांनी याच जातीच्या म्हणून दाखवल्या. लोखंडाच्या लांब पट्ट्या गोलाकार उभ्या करायच्या आणि त्यांवर तापलेली कडी एकामागून एक चढवून ठोकायची, ही ती रीत. उदगीरहून जवळच असलेल्या बिदरच्या किल्ल्यात अशा तोफा आजही आहेत. कुणी गेले, तर तोफेच्या अंगावरून हात फिरवून पाहावा. कड्यांचे जोड बोटांना लागतात.

या कामाची माणसे कोण होती? गावगाड्यातला लोहार, गाढवावर बिऱ्हाड लादून फिरणारा घिसाडी, भांड्यांना कल्हई करणारा मुसलमान कारागीर आणि हत्यारांना धार व पाणी देणारा शिकलगार. हा शेवटचा शब्द मजेदार आहे. अरबी-फारसीत ‘सैकल’ म्हणजे घासून चमकवणे. त्यावरून सैकलगर, आणि मराठी जिभेवर तो शिकलगार झाला. महाराष्ट्रात शिकलगार हे मुसलमान घराण्यांचे आडनाव आहे आणि नांदेडला गुरुद्वाराच्या आसऱ्याने राहिलेले शीख शिकलगारही आहेत. धंदा एक, शब्द एक, धर्म दोन. लोहारकाम करणारे मुसलमान हजरत दाऊदचे नाव घेतात, हिंदू कारागीर विश्वकर्म्याचे. भाता मात्र दोघांचाही सारखाच फुंकतो.

मराठवाड्यात यंत्र आले ते रेल्वेच्या रुळांवरून. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाइन नांदेडवरून गेली. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी नॅरोगेज गाडी. तिनेच लातूरला बाजारपेठ केले. त्यानंतर १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने स्वतःची बससेवा काढली, २७ बस आणि १६६ माणसे घेऊन. या गाड्या बिघडत आणि बिघडल्या की मुंबई-मद्रासहून सुटा भाग येण्याची वाट पाहायला वेळ नसे. रेल्वेच्या आणि बसच्या कारखान्यांत फिटर, टर्नर, रिबीट मारणारे असे नवे कारागीर तयार झाले. आमच्याकडच्या जुन्या मेस्त्र्यांच्या बोलण्यात ‘उस्ताद’ आणि ‘शागीर्द’ हे शब्द आहेत, त्यामागे हैदराबाद राज्याची ही घडण आहे. त्या काळी बॉयलर आणि पूल रिबिटांनी जोडत. वेल्डिंग नवे होते.

जगात त्याचा शोध दोन वाटांनी लागला. एक वाट ज्योतीची. १८३६ मध्ये एडमंड डेव्ही याने ॲसिटिलीन वायू शोधला. १८९२ च्या सुमारास कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात करण्याची युक्ती निघाली आणि कार्बाइडवर पाणी टाकले की ॲसिटिलीन मिळू लागला. तो ऑक्सिजनबरोबर जाळला, की ३१०० अंशांच्या आसपास ज्योत मिळते. लोखंड वितळते १५३८ अंशांना. फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यासाठी टॉर्च तयार केला. दुसरी वाट विजेची. रशियात बेनार्दोस याने १८८० च्या दशकात कार्बनच्या कांडीने विजेची ठिणगी धरून धातू जोडून दाखवला, स्लाव्यानोव्हने कांडीच धातूची केली आणि १९०७ च्या सुमारास स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गने त्या कांडीवर लेप चढवला. हा लेप जळून धूर होतो, तो धूर वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो, वर मळीचा थर बसतो. म्हणजे आपल्या लोहाराचा टाकणखार जे करत होता, तेच काम.

विशेष म्हणजे, वेल्डिंगला मोठी प्रतिष्ठा मिळाली ती नवे काही बांधून नव्हे, तर मोडलेले दुरुस्त करून. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी आपलीच इंजिने फोडून ठेवली होती. शत्रूला वापरता येऊ नयेत म्हणून. सगळ्यांना वाटले, ही जहाजे गेली. इलेक्ट्रिक वेल्डिंगने त्यांची फुटलेली सिलिंडरे जोडली आणि तीच जहाजे सैनिक घेऊन समुद्रात गेली.

आपल्या भागात दोन्ही वाटा आल्या, पण आधी ज्योतीची. कारण सरळ आहे. विजेच्या आधी कार्बाइड पोहोचले. पत्र्याच्या डब्यात येणारे राखाडी खडे, त्यांचा तो लसणासारखा उग्र वास आणि गॅरेजच्या कोपऱ्यातली कार्बाइडची टाकी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते विसरणे अवघड आहे. टाकीतून निघालेला चुना बाहेर नालीत पांढरा पसरलेला असे. वेल्डिंगचे रॉड देशात बनू लागले, त्यातली एक मोठी कंपनी मुंबईची अडवाणी-ओर्लिकॉन, १९५१ ची. खेड्यापाड्यांत वीज गेली आणि साखर कारखाने उभे राहिले, तसे वेल्डरही वाढले. ऊस गाळप बंद झाले, की कारखान्यात दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. चरकाच्या रोलरला ऊस नीट पकडता यावा म्हणून त्याच्या दात्यांवर वेल्डिंगचे ठिपके टाकतात. ते काम करून हात बसलेली कितीतरी पोरे पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारे बनवू लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींनी सुमारे दहा हजार माणसे गाडली. त्यानंतर दगडी माळवदाखाली झोपायला लोक घाबरत. हलका पत्रा आणि लोखंडी अँगल यांवर विश्वास बसला. एका अर्थी, वेल्डरचा हात तेव्हा माणसांच्या झोपेपर्यंत पोहोचला.

आता मोटरसायकलकडे वळू. महायुद्धानंतर लष्कराच्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या. स्वतंत्र भारताने आयातीवर बंधने घातली आणि गाड्या इथेच बनू लागल्या. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट आली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियाची जावा बनवली, तीच पुढे येझदी झाली. जावा हे नावही जोडकामच आहे. यानेचेक हा मालक आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, दोघांची पहिली अक्षरे. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या गाडीवरून बेतलेली. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात तिच्या छोट्या भावंडावर ऋषी कपूर आणि डिंपल बसले, पण आमच्याकडे राजदूत म्हणजे दूधवाल्याची, ग्रामसेवकाची, मास्तरांची गाडी. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मागे कडब्याची पेंढी आणि खाली काळ्या मातीचा रस्ता. कंपनीने त्या गाडीचा असा हिशेब कधी केला नसेल. म्हणून ती ठरावीक ठिकाणी मोडायची आणि ठरावीक ठिकाणी तिला वेल्डिंग लागायचे. स्टँड, कॅरिअर, मडगार्डचा आधार, सायलेन्सरची पट्टी. जुन्या गाडीचा रंग खरवडला, की हे जोड दिसतात. कुठे दोन, कुठे पाच. त्यावरून गाडीने काय वाहिले, कुठे हिसके खाल्ले, ते सांगता येते.

माझ्या अब्बांची राजदूत आमच्या घरी आहे. ती चालू करण्याच्या निमित्ताने मी हे काम पन्नाशीनंतर शिकलो. कवितेचा माणूस हे कशाला करतो, असे मित्र विचारतात. पण नांदेड-लातूरकडे हल्ली असे बरेच लोक आहेत. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी कॉलेजात शिकवणारा, कुणी किराणा दुकानदार. रविवारी अंगणात गाडी उघडून बसतात. पूर्वी हे शक्य नव्हते. वेल्डिंगचे जुने ट्रान्सफॉर्मर मशीन दोन माणसांनी उचलावे इतके जड आणि घरातली वीज त्याला पुरत नसे. आता पाच-सात किलोचे इन्व्हर्टर मशीन घरच्या सोळा अँपिअरच्या जाड सॉकेटवर छोटे काम करते. त्याबरोबर काळ्या काचेचे हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, ग्राइंडर, तारेचा ब्रश, मळी झाडायची हातोडी आणि दोन-चार क्लँप. एवढ्यात बरेच होते.

किती होते आणि किती होत नाही, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड साठ ते नव्वद अँपिअरवर चालतो. फ्रेमच्या नळीला, स्टँडला तो ठीक. मडगार्डचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यावर सलग ओढले, तर भोकच पडते. तिथे एक ठिपका इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचे आणि पत्र्यामागे तांब्याची पट्टी धरायची. किंवा मग गॅसवर पितळेच्या तारेने जोडायचे. सायकलींच्या आणि सुरुवातीच्या मोटरसायकलींच्या फ्रेमी पितळेनेच जोडत, कारण त्यात नळी वितळत नाही, फक्त पितळ वितळून सांध्यात उतरते. इंजिनाचे कव्हर ॲल्युमिनिअमचे असते. ते घरच्या मशीनचे काम नव्हे, त्याला आर्गन वेल्डिंगवाल्याकडेच न्यावे लागते. व्होल्टेज पडले, की रॉड चिकटतो. भारनियमनाच्या दिवसांत मराठवाड्यातल्या वेल्डरांनी रात्री दोनला उठून कामे केली, ती याच कारणाने.

फ्रेमला तडा गेला असेल, तर तडा जिथे संपतो तिथे आधी बारीक भोक पाडतात, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग खाच करून चहूबाजूंनी आलटून पालटून टाके मारायचे. एकाच बाजूने मारले, तर थंड होताना धातू आकसतो आणि फ्रेम ओढली जाते. दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, हे पाहायला आमच्या उस्तादांनी मला गवंड्याची दोरी लावायला शिकवले. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढायची. यात चमत्कार काही नाही, पण घाई चालत नाही.

धोके तीन. पहिला पेट्रोलच्या टाकीचा. रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते, आत वाफ असते आणि ठिणगी पडली की ती बॉम्बसारखी फुटते. हौशी माणसाने टाकीला हात लावू नये, हे मी निक्षून सांगतो. दुसरा डोळ्यांचा. ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले, तर त्या वेळी काही वाटत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. लोक बटाट्याचे काप ठेवतात, पण इलाज काळी काच हाच, आणि ती आधी लावायची. तिसरा धुराचा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडला, की त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. त्यावर दूध प्या, गूळ खा, असे सांगतात. त्यापेक्षा मुलामा घासून काढावा आणि मोकळ्या हवेत काम करावे. हौशी माणसाला रविवारी दोन तासांचा धूर लागतो, गॅरेजातल्या पोराला रोज दहा तासांचा. त्याच्या डोळ्यांवर पुष्कळदा बाजारातला साधा गॉगलच असतो. आपण पंचवीस-पन्नास रुपये देतो आणि निघून जातो.

आता कायद्याचे पाहू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटार वाहन कायद्याप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मूलभूत बदल करता येत नाही. म्हणून दुरुस्ती करावी, गाडीचा सांगाडा बदलू नये आणि चासिस नंबरावर कधीही ग्राइंडर फिरवू नये. तो नंबर गेला, की गाडी बेवारस झाली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि अट अशी की मूळ रूपात मोठा फेरबदल झालेला नसावा. नियम योग्य आहे. चोरीच्या आणि बनावट गाड्यांना आळा बसायलाच हवा. ज्याने गाडी शोरूममधून आणून झाकून ठेवली, तो यात सहज बसतो. पण जिने तीस वर्षे दूध वाहिले, जिच्या अंगावर दहा ठिकाणी वेल्डिंग आहे, तिच्या मालकाला वीस हजारांचा हिशेब आधी करावा लागतो आणि बऱ्याचदा तिची वाट भंगाराकडे जाते. आपल्या भागाचा इतिहास तर तिच्याच अंगावर जास्त आहे.

जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. लोकांना जुन्या नावांची ओढ आहे, हे कंपन्यांना कळते. त्या गाड्या पन्नास वर्षे ज्यांनी चालत्या ठेवल्या, त्यांची नावे मात्र कुठल्या कागदावर नाहीत. गॅरेजच्या पाटीवर असतात तेवढीच, तीही ऊन-पावसात पुसली जातात. १९५० पासून देशात आयटीआयचे शिक्षण सुरू आहे, त्यात वेल्डरचा अभ्यासक्रम आहे. पण ज्याने दहाव्या वर्षी पाना हातात घेतला, तो आयटीआयला कधी जाणार? आधीपासून येणाऱ्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजना अलीकडे निघाली आहे. ती आपल्या ओळखीच्या मेस्त्रीला ठाऊक आहे का, हे आपण विचारायला हरकत नाही.

कारण काम आता दारात आले आहे. लातूरजवळ मराठवाडा रेल कोच कारखाना उभा राहिला आहे. २०१८ मध्ये पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. रेल्वेचा डबा म्हणजे वेल्डिंगचेच काम. ज्या लातूरला १९११ मध्ये परक्यांनी बांधलेली छोटी गाडी आली, तिथे आज डबे जोडता येतात. अशा कारखान्याच्या फाटकातून आत जायचे, तर हातातला हुन्नर पुरत नाही, हातात कागदही लागतो. आपल्या गल्लीतल्या मेस्त्रीच्या पोराजवळ तो असावा, एवढी मागणी तरी आपण करू शकतो.

खंडेनवमीला आमच्याकडच्या गॅरेजांत हत्यारे पुसून, हळदकुंकू लावून ठेवलेली मी पाहिली आहेत, मालक हिंदू असो की मुसलमान. त्या दिवशी पान्यालाही सुट्टी असते. पुढच्या खंडेनवमीला आपल्या नेहमीच्या मेस्त्रीकडे जाल, तेव्हा पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक चांगली काळी काचही घेऊन जा. काही शे रुपयांत मिळते. त्याच्या डोळ्यांवर आपल्या कितीतरी गाड्या चालतात.